देवीची चोळी आणि उमाप मास्तर

उमाप मास्तरांनी देवीचं माप घेतलं त्या सकाळी मी शाळेला निघाले होते. मी मराठीची शिक्षिका, आणि उशीर मला खपत नाही. पण त्या दिवशी देवळासमोर थांबले ती पहिला तास बुडेपर्यंत.

आमची गल्ली सोलापूरच्या पूर्व भागातली. बहुतेक घरं विणकरांची, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी. दिवसरात्र यंत्रमागाचा खटखटाट, तो थांबला की आम्हांला झोपेतून जाग येते. गल्लीच्या तोंडाशी देवीचं लहानसं देऊळ, देवळासमोर उमाप मास्तरांचं टेलरिंगचं दुकान आणि दुकानाला लागून आमचं घर. मास्तर ख्रिस्ती. चर्चमध्ये पंच. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा खातात तेव्हा, भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून फिरण्याचा मान त्यांचा.

देवळाचे कारभारी श्रीनिवास अण्णा. त्यांच्याकडे टॉवेलचे दोन माग. देवीसाठी दर नवरात्राला तयार चोळ्या आणायचे आणि त्या कधीच बसायच्या नाहीत. एकदा वैतागून ते मास्तरांकडे आले.

"मास्तर, नऊ दिवस टाचण्या लावून चालवतो बघा. देवीला टोचत असंल की."

"माप आणा. शिवून देतो," मास्तर म्हणाले.

पुजाऱ्यानं दोऱ्यानं माप आणलं. मास्तरांनी दोरा बघितला आणि परत दिला. "ह्या मापानं उशीचा अभ्रा होईल," म्हणाले. शेवटी ते स्वतः देवळात आले, चपला काढून गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि गळ्यातला टेप पुजाऱ्याच्या हातात दिला.

"खांद्यापासून घ्या, बुवा. मानेपासून न्हाई. हां. आता बाही."

पुजारी आकडा सांगत होता, मास्तर वहीत लिहीत होते. छातीच्या मापाशी पुजारी थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय झालं?"

"हे कसं सांगू मास्तर?"

"तुम्ही तिला आई म्हणता न्हवं? मग आईचं झंपर तिला नीट बसावं असं वाटतंय का न्हाई? सांगा गप."

पुजाऱ्यानं डोळे मिटून आकडा सांगितला. बाहेर जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. त्या नवरात्रात देवी प्रथमच मोकळा श्वास घेतेय असं दिसत होतं, हे अण्णांच्या बायकोचं मत. मला ते पटलं.

आडनाव उमाप आणि धंदा माप घेण्याचा, यावर गल्लीनं इतके विनोद केले होते की मास्तरच नव्या गिऱ्हाइकाला तो विनोद आधी सांगून टाकायचे. दुकानाच्या पाटीवर 'जेन्ट्स व लेडीज टेलर' असं होतं. देवीची चोळी झाल्यावर कुणीतरी खाली खडूनं 'व देव' असं लिहिलं. मास्तरांनी ते पुसलं नाही. पुढच्या वेळी पाटी रंगवायला पेंटर आला तेव्हा त्यालाच म्हणाले, "तेवढं पण पक्क्या रंगात काढ."

माणूस काटकुळा, सावळा, मिशी बारीक कातरलेली. टेप कायम गळ्यात. रविवारी तेवढा टेप काढून तिथं टाय लावायचे. मशीन चालवताना उपासनेतल्या गाण्यांची शीळ घालायचे. त्यांची एक खोड मला फार उशिरा कळली. एखादा प्रश्न नको असला की ते टाचण्या तोंडात धरत. "मास्तर, आमचा देव खरा का तुमचा?" असं कुणी विचारलं की चार टाचण्या ओठात, आणि नुसतं "ऊं, ऊं". प्रश्न आवडला, की टाचण्या एकेक करून उशीत खोचत. तेव्हा समोरच्यानं सावध व्हायचं, कारण उत्तर येणार असायचं.

मशीनच्या खणात खडू, कात्री आणि त्यांचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. त्या शास्त्राला मास्तरांनी स्वतः कव्हर शिवलं होतं. कापड दर्ग्याच्या चादरीतून उरलेलं हिरवं, आणि पानात ठेवायची खूण देवीच्या चोळीच्या जरीकाठाची. "तुकडा वाया जाऊ द्यायचा न्हाई," एवढंच त्यांचं त्यावरचं म्हणणं.

चादर रफीकभाईंच्या दर्ग्याची. पाण्याच्या टाकीमागे एक छोटा दर्गा आहे, रफीकभाई तिथले मुजावर. उरुसाच्या चादरीला काठ लावायला ते मास्तरांकडेच येत, आणि एकदा आले की तासभर उठत नसत. दोघांचा वाद ठरलेला.

"मास्टर, ईसा तो हमारे भी हैं," रफीकभाई म्हणत.

"तुमच्याकडं येशू पाहुणे हायत. माझ्या घरचे हायत."

"हौ ना. मेहमान की इज्जत ज्यादा होती मास्टर."

यावर मास्तरांना दोन दिवस उत्तर सुचलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "बाई, रफीकनं लई वाईट मारलं." आणि खूश होऊन हसले. हरल्यावर खूश होणारा वादपटू मी दुसरा पाहिलेला नाही. पण वाद ते सोडत मात्र नसत. येशूशिवाय तारण नाही हे त्यांचं पक्कं होतं, आणि ते समोरच्याला न सांगणं त्यांना शेजारधर्माला सोडून वाटे.

त्यांचं खरं भांडण माझ्या आईशी. आम्ही बौद्ध. आई विहारात जाणारी, देवदेव अजिबात न करणारी, आणि जिभेनं मास्तरांच्या तोडीस तोड. मास्तरांचं मूळ गाव आणि आमचं मूळ गाव एकच, मोहोळकडचं. दोघांचे आजे एकाच वस्तीतले, एकाच जातीतले. त्यांच्या आजानं येशूचा रस्ता धरला, आमच्या घरानं पुढं बुद्धाचा. आईला देवीची चोळी सहन होत नव्हती. एका संध्याकाळी तिनं दुकानाच्या पायरीवर बसून तोंड उघडलं.

"मास्तर, गावाकडं ज्या देवीच्या पायरीला आपल्या आज्यांना हात लावू दिला न्हाई, त्याच देवीला तुमी झंपर शिवायलाय. काय वाटतं का न्हाई?"

मास्तरांनी टाचण्या उशीत खोचल्या.

"आक्का, तुमचा आजा आणि माझा आजा एकाच विहिरीवर उभे हुते. पाणी कुणी वाढंना. मग ज्याला जितं मिळालं तितं तो प्याला. माझा तिकडं, तुमचा हिकडं. आता तहान भागली का न्हाई?"

"भागली. मग परत त्याच विहिरीवर कशाला जाता?"

"आता मी प्यायला जात न्हाई की. आता ते मला बोलवायलेत. उंबऱ्याशी उभा राहून पुजाऱ्याला सांगतो, असं धर, तसं धर. माझ्या आजानं हे बघितलं असतं तर काय म्हणाला असता?"

आई पायरीवरून उठली. मग म्हणाली, "उंबऱ्याच्या आत घेतलं का पण?"

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. तेवढा एक प्रश्न त्यांनाही नको होता.

एकदा शेजारच्या चौकात दोन पोरांच्या गाड्या घासल्या आणि त्याची चर्चा भलतीकडे गेली. दुकानं अर्धा दिवस बंद राहिली. त्यानंतर आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यानं सर्वधर्म सलोखा सभा ठेवली. प्रत्येक धर्माचा एक माणूस व्यासपीठावर हवा होता. चर्चचे पाळक परगावी होते, म्हणून पंच या नात्यानं मास्तरांना बोलावलं. पुढाऱ्यानं भाषण केलं. सगळे धर्म सारखेच आहेत, सगळे देव एकच आहेत. टाळ्या झाल्या. मग मास्तर उठले.

"साहेबांनी सांगितलं सगळे सारखेच," ते म्हणाले. "मी शिंपी माणूस. मी तिघांचंबी शिवतो. दर्ग्याच्या चादरीला बाह्या नसतात. देवीच्या चोळीला मागनं नाडी लागती. आमच्या पाळकांच्या झग्याला आतनं एक खिसा असतो, तो कशाला ते मी सांगणार न्हाई. सारखे कुठले हायत? सगळ्यांना एकच कापड घाला म्हणणारा फ्री साइज विकतो. फ्री साइज कुणालाच बसत न्हाई, फक्त कुणी तक्रार करत न्हाई."

लोक हसायला लागले. पुढारी हसावं का नाही या विचारात.

"मला येशूशिवाय दुसरा चालत न्हाई. हे मी रफीकभाईला रोज सांगतो. तो मला त्याचं रोज ऐकवतो. मग आमी च्या पितो. सगळं सारखंच असतं तर मी त्याच्याशी बोललो असतो कशाला? माझं मीच ऐकत बसलो असतो."

एवढं बोलून ते खाली बसले. पुढाऱ्यानं आभार लवकर मानले.

मग चर्चमध्ये नवे पाळक आले. तरुण, अभ्यासू, आवाज चांगला, माणूस सरळ. ते आल्यानंतरच्या नवरात्रात अण्णांच्या मुलानं देवीचा फोटो मोबाईलच्या स्टेटसवर टाकला आणि खाली अभिमानानं लिहिलं, 'चोळी शिवणारे: उमाप मास्तर'. तो फोटो फिरत फिरत पाळकसाहेबांपर्यंत पोचला. ते स्वतः दुकानात आले. पाटी वाचली. खणातलं शास्त्र हातात घेतलं, हिरव्या कव्हरावरून बोट फिरवलं, जरीची खूण ओढून पाहिली आणि शास्त्र परत ठेवलं.

पुढच्या आठवड्यात पंचांची बैठक झाली. तिथं काय झालं ते मार्थाकाकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, आम्हांला सांगितलं. पाळकसाहेबांचं म्हणणं साधं होतं. मूर्तीची सेवा करणारे हात प्रभूच्या भाकरीचं ताट कसं धरणार? मास्तरांनी आधी विनोदावर नेलं. म्हणाले, "प्रभूच्या अंगावर शेवटी जो झगा हुता, तो कुणी विणला हुता? त्याचा धर्म कुणी विचारला का? उलट क्रुसापाशी शिपायांनी तो झगा मिळावा म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, इतकं काम चांगलं हुतं." दोघेतिघे पंच हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, माझ्या वडिलांनी देवीचा नारळ फोडायला नकार दिला म्हणून गावानं आमचं घर वाळीत टाकलं होतं. माझी आई दुसऱ्या गावाहून पाणी आणायची. मी हे हसण्यावारी कसं नेऊ?"

निर्णय झाला. पंचपद गेलं. आणि शिवण सोडेपर्यंत प्रभुभोजनात भाग घ्यायचा नाही.

मास्तरांनी शिवण सोडलं नाही आणि चर्चही सोडलं नाही. दर रविवारी टाय लावून जात, मागच्या बाकावर बसत, ताट जवळ आलं की मान खाली घालत. हे गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. आम्हांला एवढंच दिसलं की मास्तर शीळ घालत नाहीत. रफीकभाई आले तर काठ लावून देत आणि "बरं" म्हणत. आईनं मुद्दाम दोनदा खोडी काढली, तरी तोंडात टाचण्या. आई घरात येऊन म्हणाली, "हा माणूस आजारी पडलाय का बघ."

मार्थाकाकूंकडून खरं कळलं तेव्हा आधी अण्णा आणि रफीकभाई दुकानात गेले. अण्णा म्हणाले, "मास्तर, आम्ही दुसरीकडं शिवून घेतो. तुम्ही मोकळे व्हा." मास्तरांना चिडलेलं मी त्या एकदाच पाहिलं. कात्री खाली ठेवून म्हणाले, "माझं माझ्या देवाशी भांडण हाय, त्यात तुमचं काय काम? एवढी वर्षं तुमच्या उंबऱ्यात जाऊन मी काय नुसतं माप घेत हुतो?" दोघं परत आले. आमच्या ओट्यावर बसले. थोड्या वेळानं आई आतून आली आणि म्हणाली, "चला, पाळकाकडं जाऊ."

मलाही बरोबर नेलं, कारण मी शिक्षिका, मला नीट बोलता येतं असा त्यांचा समज. प्रत्यक्षात मला बोलावंच लागलं नाही. पाळकसाहेबांच्या बैठकीत एका सोफ्यावर कपाळाला कुंकवाचा टिळा लावलेले अण्णा, डोक्यावर जाळीची टोपी घातलेले रफीकभाई आणि पांढऱ्या साडीतली माझी आई असे तिघं ओळीनं बसले. पाळकसाहेबांनी पाणी दिलं. त्यांना काय विचारावं सुचेना.

"तुम्ही मास्तरांसाठी आलात," ते शेवटी म्हणाले. "पण मला सांगा, मास्तर तुमच्याशी कधी प्रभूबद्दल बोलतात का? की नुसतं शिवतात?"

रफीकभाईंनी कपाळावर हात मारला. "साहब, वो बोलना बंद कब करताय? मेरे दर्गे की चादर शिवते शिवते मेरेकूच समझाताय."

अण्णा म्हणाले, "आमच्या देवळाच्या दारात उभं राहून येशूचं नाव घेणारा एकच माणूस आहे बघा. त्याला पण तुम्हीच बंद करायलाय."

पाळकसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले.

मग आई. "मी देवच मानत न्हाई, त्यामुळं ह्यांच्यासारखं मला सांगता यायचं न्हाई. तुमच्या घरावर गावानं जे केलं ते आमच्यावरबी झालंय. मी तुमचाच मुद्दा मास्तरांना दहा वर्षं सांगतेय. पण मी त्यांचं जेवण न्हाई बंद केलं कधी."

पाळकसाहेब उठले. आम्हांला दारापर्यंत सोडायला आले, एवढंच. वाटेत रफीकभाई म्हणाले, "काम नहीं हुआ." अण्णा म्हणाले, "पाणी तर दिलं की." आईनं दोघांनाही गप्प बसवलं.

दोन दिवसांनी दुपारी पाळकसाहेब दुकानात आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मी खिडकीतून बघत होते, ते लपवत नाही. दुपार सगळी वाद चालला. शास्त्र खणातून चार वेळा बाहेर आलं. एकदा पाळकसाहेब उठून उभे राहिले, एकदा मास्तर. चहा तीनदा गेला. तिसऱ्या चहाला मास्तर हसलेले मी पाहिले, आणि आईला हाक मारून ते सांगितलं.

पाळकसाहेबांचं मत काही बदललं नव्हतं. जाताना ते म्हणाले, ते मास्तरांनीच नंतर सांगितलं, "तुमचं मला पटलेलं नाही. पण ते मेज प्रभूचं, माझं नाही, मास्तर. रविवारी या." पंचपद मात्र परत मिळालं नाही, पुढंही कधी मिळालं नाही. "बरं झालं," मास्तर म्हणायचे, "ताट धरून हात भरून यायचे." ते खरं नव्हतं हे आम्हांला कळत होतं.

त्या रविवारी मार्थाकाकूंनी मला बरोबर चलायला सांगितलं. मी पहिल्यांदाच चर्चमध्ये गेले, सगळ्यात मागे बसले. भाकरीचं ताट बाकांमधून फिरत आलं. ताट धरणारा नवा पंच मास्तरांच्या निम्म्या वयाचा. मास्तरांनी तुकडा उचलला. जन्मभर सुईत दोरा एका फटक्यात ओवणारा हात तो, तरी त्या दिवशी त्याला तुकडा नीट धरता आला नाही. तुकड्याचा कण मांडीवर सांडला. मास्तरांनी बोट ओलं करून तो कण टिपला आणि तोंडात घातला. मग पुढं कितीतरी वेळ त्यांनी मान वर केली नाही.

सोमवारी सकाळी शीळ ऐकू आली. पाठोपाठ आईची हाक. "मास्तर, जेवलात एकदाचं. आता बोला."

त्यांचे डोळे पुढं अधू झाले. दुकान बंद करून ते आणि मार्थाकाकू मैंदर्गीला मुलीकडे राहायला गेले. तिथंच दीड वर्षानं मास्तर वारले. निरोप आम्हांला उशिरा मिळाला. अण्णा, रफीकभाई आणि आई एकाच गाडीतून मैंदर्गीला मार्थाकाकूंना भेटायला गेले आणि वाटभर भांडत गेले म्हणे. माझी परीक्षेची ड्युटी होती, मी जाऊ शकले नाही.

त्यामुळे मला मास्तर शेवटचे दिसतात ते एसटी स्टँडवर, मैंदर्गीच्या गाडीत. आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. मार्थाकाकूंना पुढं खिडकीची जागा मिळाली, मास्तरांना मागे. त्यांच्या शेजारी कपाळभर भस्माचे पट्टे आणि गळ्यात लिंग असलेले एक म्हातारे आप्पा, मांडीवर पिशवी घेऊन शांत बसलेले. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. आम्ही खिडकीखाली उभे. मास्तरांनी आधी आप्पांच्या कपाळाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे वळून काहीतरी विचारलं. आप्पा कानडी होते आणि मास्तरांचं कानडी अर्ध्या भाकरीएवढं. पण दोन मिनिटांत आप्पांनी पिशवी खाली ठेवली. एक बोट वर केलं आणि म्हणाले, "इल्ला, इल्ला," म्हणजे नाही, नाही. मास्तरांनीही बोट वर केलं आणि तितक्याच ठामपणे म्हणाले, "इल्ला." कंडक्टरनं घंटी दिली. मार्थाकाकू डोळे पुसत आमच्याकडे बघून हात हलवत होत्या. रफीकभाई "मास्टर, मास्टर" करत गाडीबरोबर चार पावलं चालले. मास्तर सीटवर आप्पांकडे पूर्ण वळून बसले होते, दोघांची बोटं वर होती, आणि आमच्याकडे बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.